मराठी चार, इंग्रजी आठ

नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा ही म्हण आमच्या ऑफिसात कुणी उच्चारत नसे, कारण गरजच पडत नसे. समोर हिंमतराव बसलेले असायचे.

हडपसरच्या आयटी पार्कात आमची कंपनी सहाव्या मजल्यावर होती. लिफ्टमध्ये सात माणसं चढली की हिंमतराव आठवे म्हणून कधी शिरले नाहीत, जिन्यानं आले. वारज्याच्या घरातून निघताना गॅसचं बटण तीनदा बघायचं आणि बसमध्ये बसल्यावर बायकोला फोन करून चौथ्यांदा बघायला लावायचं, हा त्यांचा नेम. ताकच काय, ते पाणीसुद्धा फुंकून पीत. मी मूळची कसबा पेठेतली. आमच्याकडे माणूस आवडला की त्याला टोमणे मारतात, त्यामुळे हिंमतरावांना माझ्याकडून दिवसाला तीन-चार टोमणे ठरलेले होते. ते हसायचे आणि म्हणायचे, "श्रद्धाताई, तुम्ही बोला, पण आधी सेव्ह करा."

पन्नाशी उलटलेला, बारीक अंगाचा माणूस. ऑफिसातल्या एसीपायी भर मे महिन्यात बिनबाह्यांचा स्वेटर घालून बसायचे. गाव चंद्रपूरकडचं. वडील कोळशाच्या उघड्या खाणीत कामाला होते. खाणीत रोज दुपारी सुरुंग उडवायच्या आधी भोंगा वाजायचा, आणि भोंग्यानंतर पाच-सात मिनिटांनी धमाका. भोंगा झाला की लहानगे हिंमतराव धाकट्या बहिणीला, मुक्ताईला, ओढत बाजेखाली न्यायचे आणि दोन्ही हातांनी तिचे कान दाबून धरायचे. स्वतःचे कान दाबायला हात उरायचे नाहीत. हे त्यांनीच मला एकदा डबा खाताना सांगितलं होतं. "धमाक्याची भीती नाही वाटत ताई," ते म्हणाले, "त्याच्या आधीच्या मिनिटांची वाटते." मी त्यावरही काहीतरी बोलले असेन. आता आठवत नाही, आणि नाही आठवत तेच बरं.

चौऱ्याण्णव साली ते पुण्याला आले, टायपिंगच्या परीक्षेच्या दाखल्यावर. देशाची दारं नुकती उघडली होती आणि कुठली कुठली कामं पुण्यात यायला लागली होती. कसब्यात, आमच्याच गल्लीच्या तोंडाशी, पत्र्याच्या डब्यांच्या दुकानावर मन्सूरभाईंनी चार संगणक टाकून डेटा एंट्रीचं काम सुरू केलं होतं. कारखान्यांच्या हाती लिहिलेल्या वह्या यायच्या, त्या संगणकात भरायच्या. तिथं हिंमतराव लागले आणि तिथंच त्यांच्या भीतीला पहिल्यांदा पगार मिळाला.

मन्सूरभाईंची एक पद्धत होती. भरलेलं सगळं दोघांनी मिळून तपासायचं. एकानं कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं पडद्यावर बघायचं. आणि चार किंवा आठ आला की नुसता आकडा म्हणायचा नाही. 'मराठी चार' म्हणायचं, नाहीतर 'इंग्रजी आठ' म्हणायचं. कारण आपली माणसं एकाच पानावर निम्मे आकडे मराठीत लिहितात आणि निम्मे इंग्रजीत. घाईत लिहिलेला, डोकं उघडं राहिलेला इंग्रजी आठ म्हणजे हुबेहूब मराठी चार. मन्सूरभाईंनी यापायी एका इमारतीला ऐंशी खिडक्यांच्या जागी चाळीस खिडक्या पोचवल्या होत्या. हिंमतराव ती पद्धत घेऊन पुढे चार कंपन्या फिरले. प्रोग्रॅम लिहिता येत नाही असा आयटीतला माणूस. दर जूनला करार संपायचा, दर जूनला ते पंधरा दिवस जेवत नसत, आणि दर जूनला करार पुन्हा व्हायचा. कारण साहेबलोकांना एव्हाना कळलं होतं की हिंमतराव घाबरले म्हणजे कुठंतरी चूक आहे.

दोन हजार अठराच्या सुरुवातीला आमच्याकडे युरोपातल्या एका मोठ्या बँकेचं काम आलं. आमचा प्रमुख शुभंकर. वय एकतीस, बाहेर अर्थशास्त्र शिकून आलेला, हुशार आणि मनानं चांगला. पहिल्या दिवशी त्यानं फळ्यावर पाच चौकोन काढले. घरं, कारखाने, बँका, सरकार, आणि सगळ्यांच्या वर एक मोठा चौकोन: हवा. म्हणाला, "ही आपली दुनिया. हिचा एकच रूल आहे, इथं काही गायब होत नाही. पैसा एकाकडून निघाला की दुसऱ्याकडे पोचला पाहिजे. कोळसा जमिनीतून निघाला की धूर होऊन वर पोचला पाहिजे. निघालं तिथं उणे, पोचलं तिथं अधिक. प्रत्येक ओळीची बेरीज शून्य."

हिंमतरावांचा चेहरा त्या दिवशी मी प्रथमच सैल झालेला पाहिला. आपल्यासारखाच कुणीतरी घाबरट माणूस ही दुनिया बांधून गेलाय असं त्यांना वाटलं असावं. पुढे रोज संध्याकाळी ते सगळ्या ओळींची बेरीज बघत. शून्य आलं की म्हणत, "शून्य. चला घरी."

बँकेला विचारायचं होतं ते साधं होतं. कोळशाच्या धंद्यांना कर्ज महाग करायचं आणि उन्हा-वाऱ्यावरच्या विजेला स्वस्त, हे धोरण आत्ता सुरू करायचं, की दहा वर्षं थांबलं तरी चालेल? वरवर हा बँकांचा प्रश्न. पण मॉडेलमध्ये, म्हणजे त्या पाच चौकोनांच्या हिशोबात, तो शेवटी एका आकड्यावर येऊन टेकत होता. उन्हामुळे उघड्यावर काम करणाऱ्या माणसांचे आठवड्याला किती तास बुडतात? तास बुडले की कमाई बुडते, कमाई बुडाली की हप्ते थकतात, हप्ते थकले की बँकाच लंगड्या होतात, आणि मग नव्या विजेला कर्ज द्यायला कुणाकडे काही उरत नाही. आकडा लहान असेल तर थांबता येतं. मोठा असेल तर नाही.

तो आकडा काढायला खऱ्या हजेऱ्या हव्या होत्या. तीन ठिकाणच्या मिळाल्या. त्यातली सगळ्यांत तापणारी जागा हिंमतरावांनी मिळवून दिली. मुक्ताईचे यजमान रतनराव चंद्रपूरजवळ रस्त्याच्या कामावर मुकादम होते आणि मुक्ताई त्याच कामावर खडी उचलायची. रतनरावांनी गेल्या उन्हाळ्यातल्या हजेरीच्या पानांचे फोटो फोनवर पाठवले. त्यात एक रकाना होता, 'उन्हामुळे बंद', आणि त्यापुढे आठवड्याचे तास.

ती पानं मी वाचली. शुक्रवार होता आणि मला घरी जायचं होतं. मी म्हटलं, "चार." हिंमतराव पडद्यामागून म्हणाले, "मराठी की इंग्रजी?" मी म्हटलं, "मराठी हो. स्वच्छ दिसतंय. पुढचाही चार, त्याच्या पुढचाही चार. सगळे चारच आहेत, प्रत्येकाचा धर्म विचारत बसू नका." त्यांनी चार भरले. मोठ्या आवाजापुढे ते नेहमीच माघार घेत.

मेच्या मध्यावर उत्तर आलं. दहा वर्षं थांबलं तरी नुकसान किरकोळ. शुभंकर खूष झाला. क्लायंटला हेच हवं होतं, हे आम्हाला सगळ्यांना न सांगताही माहीत होतं. सोमवारी अहवाल जायचा होता. बुधवारी पेढे आले.

हिंमतरावांनी पेढा हातात धरला आणि खाल्ला नाही. सगळ्या ओळींची बेरीज शून्य होती. कुठंही चूक नव्हती. तरी ते घाबरले होते, नेहमीसारखे नाही, रंग उतरला होता. माझ्या टेबलाशी आले आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, आठवड्याला चार तास म्हणजे दिवसाला चाळीस मिनिटं. आमच्याकडं मे महिन्यात चाळीस मिनिटांत पायातली चप्पल गार होत नाही. तेवढ्यात माणसं उठून पुन्हा उन्हात जातील?"

मी म्हटलं, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस."

त्यांनी पानाचा फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला. काही चारांची डोकी बंद होती.

मी फोटो आणखी मोठा केला. बंदच होती. हे लपवण्यात काही अर्थ नाही. चूक माझी होती, वाचणारी मी होते. पण पुणेरी माणसाला आधी समोरच्याची चूक दिसते, म्हणून मी म्हटलं, "मग मेहुण्यांना फोन करून विचारा की. फोनमधून चावणार आहेत का?"

दोन दिवस त्यांनी फोन केला नाही. आठ निघाला तर अहवाल थांबवावा लागेल, थांबवला तर जूनमध्ये करार होईल की नाही कोण जाणे. आणि आठ निघाला तर मुक्ताई केवढ्या उन्हात राबतेय तेही समोर येणार होतं. इकडे आड, तिकडे विहीर. दोन दिवस ते जिन्यानं वर-खाली करत होते.

शुक्रवारी दुपारी पावणेदोनला, कामावरच्या जेवणाच्या सुट्टीची वेळ बघून, आम्ही तोरण्यात गेलो. आमच्याकडे मीटिंगच्या खोल्यांना किल्ल्यांची नावं आहेत. किल्ल्यावर एवढा गारठा कधी नसेल. हिंमतरावांनी फोन स्पीकरवर ठेवला, कारण तपासणी दोघांनी करायची असते.

"रतनराव, तुमच्या हजेरीत उन्हामुळे बंद म्हणून जो आकडा हाये, थो चार हाये का आठ?"

"आठ जी भाऊ. चार कायले असन? इंग्रजीतला आठ. ठेकेदारानं इंग्रजीत लिहाले सांगतलं."

मी डोळे मिटून घेतले. हिंमतरावांनी मात्र माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "पण दर हप्त्याले आठच काऊन? मार्चातबी आठ आन् मेमध्येबी आठ?"

पलीकडे रतनरावांनी आवाज खाली आणला. ते म्हणाले, "आठाच्या वर लिहाचं नाही, असा हुकूम हाये."

"मंग वरचे तास?"

"वरचे तास काम चालू राह्यते."

"उन्हात?"

"रस्त्यावर सावली कुठं हाये जी."

हिंमतरावांनी पेन खाली ठेवलं. "मंग थे तास गेले कुठं?" हे ते रतनरावांना विचारत नव्हते. ती मॉडेलची भाषा होती. निघालं तिथं उणे, पोचलं तिथं अधिक. कागदावरून गेलेले तास कुठंतरी, कुणाच्या तरी अंगावर, पोचले असणारच. मला ते कळलं आणि त्यांना माझ्याआधी कळलं होतं, कारण ते म्हणाले, "मुक्ताईले द्या फोन."

"झोपली हाये थे. जेवलीबी नाही. डोकं दुखते म्हणे, लिंबाखाली पडली हाये."

"उठवा तिले."

"झोपू द्या ना जी. थकली हाये."

"उठवा म्हणतो ना."

मी हातानं खूण केली, राहू द्या. बिचारी बाई पंधरा मिनिटं पडली असेल, तिलाही गॅसचं बटण बघायला उठवता का, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. फोनमधून रतनरावांची पावलं ऐकू येत होती. खडीवर चपला वाजत होत्या. लांबून एक ट्रक गेला. मग आवाज आला, "मुक्ते. ए मुक्ते." मग पुन्हा, जरा मोठ्यानं. मग रतनराव फोनवर आले.

"उठून नाही राहिली जी."

तोरण्यातल्या एसीचा आवाज मला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

"अंगाले हात लावा," हिंमतराव म्हणाले. "घाम हाये?"

"नाही जी. कोरडं हाये. तव्यासारखं लागून राहिलं."

गेले चार महिने उन्हानं माणूस कसा मरतो यावरचे पंचवीस-तीस शोधनिबंध हिंमतरावांनी शब्द न् शब्द तपासले होते. घाम थांबणं म्हणजे काय, हे त्या खोलीत त्यांना माहीत होतं आणि त्यांच्यामुळे मलाही. रस्त्यावर कुणालाच माहीत नव्हतं. तिथं ती झोपली होती.

"रतनराव, आयका. तोंडात पाणी टाकू नका. रस्त्यावर पाणी मारता थो टँकर हाये ना? थो तिच्या अंगावर सोडा."

"टँकर ठेकेदाराले इचारल्याबिगर..."

"सोडा," हिंमतराव म्हणाले. पाच मिनिटं लवकर निघायचं असलं तरी तीन लोकांना विचारणारा माणूस. "डोक्यावर, मानेवर, काखेत. बायांना पदरानं वारा घालाले सांगा. थांबू नका. आन् गाडी काढा."

फोन बंद झाला. रतनरावांनी केला की आपोआप झाला, ठाऊक नाही. आम्ही पुन्हा लावला, कुणी उचलला नाही. बंद झालेला फोन हिंमतराव दोन्ही हातांनी दाबून धरून बसले होते. साडेसातशे किलोमीटर अलीकडे, स्वेटर घालून. मी त्यांच्याशेजारी बसले. मला आयुष्यात इतकी भीती कधी वाटली नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या भीतीत अर्धी भीती मुक्ताईची होती आणि अर्धी ही, की मी चार म्हटलं नसतं तर दीड महिन्यापूर्वीच कुणीतरी विचारलं असतं.

सव्वीस मिनिटांनी फोन आला. रतनराव रडत होते. "डोळे उघडले जी. तुमचं नाव घेतलं. चंद्रपूरले नेऊन राहिलो."

तेवढ्यात शुभंकरनं दारावर टकटक केली. खोली त्यानं सव्वादोन वाजल्यापासून बुक केली होती. हिंमतराव उठले आणि म्हणाले, "सर, तो आकडा चार नाही, आठ आहे. तपासताना माझी चूक झाली."

चार वाचला होता मी. त्या क्षणी बोलायला हवं होतं, ते मी संध्याकाळी बोलले. शुभंकरनं दोन्ही कबुलीजबाब ऐकून घेतले आणि कुणालाच दोष दिला नाही. शनिवार-रविवार बसून त्यानं सगळं पुन्हा चालवलं. आठ घातल्यावर दहा वर्षं थांबणं परवडत नव्हतं. पाच वर्षंही नव्हतं. हप्ते थकत होते, बँका लंगड्या होत होत्या आणि वरचा चौकोन लाल होत चालला होता. हिंमतराव त्या आलेखाकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "भोंगा वाजून गेलाय, ताई. आपण मधल्या मिनिटांत आहोत."

"आणि आठाच्या वरचे तास?" त्यांनी शुभंकरला विचारलं. "ते कुठं घालायचे?"

"त्यांचं डॉक्युमेंट आहे का?" शुभंकरनं मान खाली घातली. "डॉक्युमेंट नसेल तर मॉडेलमध्ये झिरो धरावा लागतो, हिंमतराव. आय ॲम सॉरी."

अहवाल चार दिवस उशिरा गेला. बँकेचं उत्तर आलं की चारचं आणि आठचं, दोन्ही उत्तरं द्या, कोणतं घ्यायचं ते आम्ही ठरवू. आम्ही दिली. हिंमतरावांचा करार जूनमध्ये झाला, एका वर्षाऐवजी तीन महिन्यांचा. मुक्ताई सात दिवस दवाखान्यात होती. घरी आली, पण मूत्रपिंडांना धक्का बसला होता, खडी उचलणं संपलं. ते टँकरचं पाणी दहा मिनिटं उशिरा पडलं असतं तर काय झालं असतं, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि हिंमतरावांनी मला सांगितलं नाही. माझे टोमणे तेव्हापासून बंद झाले. त्यांनी एकदा विचारलंही, "ताई, तब्येत बरी आहे ना?"

जुलैमध्ये हजेरीचा पुढचा गठ्ठा आला. काम चालूच होतं, पानं तपासायचीच होती. या वेळी मी पडद्यासमोर बसले आणि हिंमतरावांना वाचायला दिलं. अक्षर रतनरावांचंच होतं. पण ठेकेदारानं यंदा रकाना आठवड्याचा न ठेवता दिवसाचा केला होता, प्रत्येक माणसापुढे वेगळा. हिंमतराव एका सुरात वाचत होते. तारखा, नावं, हजर, तास. मेच्या त्या शुक्रवारच्या पानावर ते थांबले. मी मान वर केली नाही.

"मुक्ताई," त्यांनी वाचलं. "हजर. पूर्ण दिवस."

मी टाइप केलं.

"उन्हामुळे बंद, शून्य."

माझी बोटं थबकली. हिंमतरावांचीच सवय माझ्या तोंडून निघून गेली. "मराठी की इंग्रजी?"

हिंमतरावांनी कागद खाली ठेवला.

"दोन्हीत सारखंच असतं, ताई," ते म्हणाले. "ते वाचण्यात चुकत नाही कुणी."